कंपनी बुडाली म्हणून गेम आपले झाले का?

जुनीटेप: काल आपल्यातल्याच एकाने टाकलं, "स्पेक्ट्रमचे सगळे गेम मेमरी कार्डवर भरून देतो, ५०० रुपये. कंपनीच बुडाली, आता कसला कॉपीराइट?" स्पेक्ट्रम म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, गेम कॅसेटवरून चढवायचे. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कंपनी बुडाली नाही, धंदा विकला गेला. १९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने घेतला. त्याच अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये इम्युलेटरसोबत (आजच्या मशीनवर जुना कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) रॉम, म्हणजे स्पेक्ट्रमच्या आतला मूळ प्रोग्राम, वाटायला परवानगी दिली. अट एवढीच, की कॉपीराइटची ओळ काढायची नाही आणि रॉमचे पैसे घ्यायचे नाहीत. ही झाली रॉमची गोष्ट. गेमचे मालक वेगळे. वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम या गेम साठवणाऱ्या साइटवाल्यांनी एकेकाला गाठून विचारलं. अल्टिमेट या गेम कंपनीच्या गेमना नकार आला, कोडमास्टर्स कंपनीचाही आला, ते गेम त्यांनी साइटवरून काढून टाकले. २०२४ मध्ये नवं 'द स्पेक्ट्रम' मशीन आलं, त्यात ४८ गेम आहेत. म्हणजे या मालाला आजही गिऱ्हाईक आहे.

आता माझं सांगतो. १९९० ला डीबी स्पेक्ट्रम प्लसवर (स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती) मी मराठी पाढ्यांचा प्रोग्राम लिहिला. २१ यूडीजीत (स्वतः आखायच्या अक्षरांच्या जागा) बाराखडी बसेना, म्हणून मेमरीतल्या २३६०६ या पत्त्यावर नवा आकडा घालून, म्हणजे पोक करून, अख्खा अक्षरसंच बदलला. चौकटीच्या वहीत एकेक अक्षर आठ बाय आठमध्ये काढलं होतं. 'ळ' तीनदा खोडला. शहरातल्या एका क्लासने कॅसेट "बघायला" नेली आणि पुढच्या महिन्यात स्वतःचं नाव घालून पोरांना विकली. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "तुझं नाव कुठाय त्यावर?" तेव्हापासून "मालक कोण विचारतो" हे वाक्य माझ्या डोक्यात जातं.

कन्नाचौक: मालक, तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. पण आपल्यात ओरिजिनल कॅसेट कुणी घेतली होती सांगा की. पुण्याहून एक यायची आणि डबल डेकवर अख्खी गल्ली कॉपी मारायची. आज उरल्यात त्या त्याच कॉप्या. माझ्या ३० कॅसेटी पत्र्याखालच्या खोलीत होत्या. सोलापूरचा मे महिना तुम्हाला वेगळा सांगायला नको. परवा एक लावली. स्क्रीनवर लोडिंगच्या पिवळ्या-निळ्या पट्ट्या चालू झाल्या, चार मिनिटं धावल्या, आणि 'आर टेप लोडिंग एरर', म्हणजे लोडिंग फसलं. टेपरेकॉर्डरच्या हेडवर बोट फिरवलं तर टेपची तपकिरी भुकटी. परवानगीची वाट बघत बसलो तर हातात भुकटीच राहणार.

यंत्रमाग: मला या वादात वेगळीच चीड आहे. वडील चादरीची डिझाईनं काढायचे. आलेखाच्या कागदावर मोर, एकेक चौकोन रंगवून, मग त्यावरून मागाला नक्षी सांगणारी जेकार्डची कार्डं पंच व्हायची. तुमचा अक्षरसंच आणि हा मोर, काम एकच. पण कायदा बघा. डिझाईन नोंदवलं तर १० वर्षं, वाढवून १५. नोंदवलं नाही आणि कारखान्यात ५० पेक्षा जास्त नग निघाले, की कॉपीराइटही संपला. आमच्या मोराची नक्कल दोन महिन्यांत बाजारात होती. जीआय (गावाच्या नावाने मिळणारं संरक्षण) आहे, पण ते सोलापुरी चादर या नावाला, नक्षीला नाही. आणि गेमला? लेखक मेल्यावर ६० वर्षं!

साखरपेठ: इथे चादर कशाला आणली? विषय गेमचा आहे.

यंत्रमाग: का नको आणायची? चौकोन रंगवणारा विणकर होता म्हणून १५, आणि कीबोर्डवर होता म्हणून ६०? माझे वडील डोळे घालवून बसले त्या कागदांवर.

साखरपेठ: डोळ्यांचं दुःख मला समजतं, माझ्या आजीने जन्मभर विड्या वळल्या. पण तुमच्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्याचंही लुटा, हा कुठला न्याय?

यंत्रमाग: लुटा कुठं म्हणालो? पोस्ट परत वाचा. मुदत कमी करा म्हणतोय. स्पेक्ट्रमचा मॅनिक मायनर गेम १९८३ चा, लिहिणारा पोरगा १७ वर्षांचा. तो मेल्यावर ६० वर्षं म्हणजे आपली नातवंडंही पेन्शनीत जातील. आधी ५० होती ती. रवींद्रनाथांचा हक्क संपत आला म्हणून १९९२ मध्ये ६० केली. एका कवीसाठी सगळ्यांची दारं बंद.

कन्नाचौक: तेच म्हणतो मी. अमेरिकेत २०२३ च्या पाहणीत २०१० आधीच्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. विकायचं नाही, द्यायचं नाही, आणि कॉपी केली की चोर? आणि जुनीटेप, तुमच्या त्या प्रोग्रामची तरी प्रत आहे का आज?

जुनीटेप: नाही. माझी कॅसेट १९९७ च्या पावसात गेली. त्या क्लासच्या कपाटात एखादी असेल तर असेल.

कन्नाचौक: म्हणजे चोरानेच जपला तुमचा प्रोग्राम.

जुनीटेप: हे वाक्य तुम्ही लिहायला नको होतं.

कन्नाचौक: चुकलं. शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

साखरपेठ: दोघांनी कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. हक्काने घेतलेली प्रत हरवू-फुटू नये म्हणून तिची बॅकअप काढायला आपल्या कायद्यातच मुभा आहे. मालक सापडतच नसेल तर ३१अ खाली परवान्याचा अर्ज करता येतो. पण गल्लीत मारलेली कॉपी हक्काची धरता येणार नाही, कन्नाचौक.

कन्नाचौक: ३० मधल्या दोन ओरिजिनल आहेत. मामांनी लंडनहून आणलेल्या. बाकीच्यांचं काय करू, जाळू?

जुनीटेप: जाळू नका. त्याही कॉम्प्युटरवर उतरवा आणि कुणाला न देता ठेवा. कायद्यात बसत नाही हे मला कळतंय, तरी म्हणतोय. त्या भुकटीचं वाचून पोटात कालवलं. पण ५०० रुपयांचं कार्ड विकणाऱ्याला माझा विरोध कायम आहे, तो इथे येऊन बोलला तरी.

कन्नाचौक: विकण्याला माझाही आहे. आधी म्हणालो नाही, कारण तुम्ही सगळ्यांनाच एका दोरीत बांधलं होतं. तुमच्याकडे अझिमथचा, म्हणजे हेडचा कोन जुळवायचा, बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का?

जुनीटेप: आहे. रविवारी सकाळी सात रस्त्यावर या, लाइट जायच्या आत. आधी त्या दोन ओरिजिनल. हेड पुसायला स्पिरिट मी आणतो.

यंत्रमाग: मीही येतो. मोराचा आलेख घरात आहे अजून, स्कॅन करून द्या.