कॉलऱ्याचं विष भोक पाडत नाही

कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशींना भोकं पाडतं आणि त्यातून पाणी गळतं, असा एक समज आहे. भोकं पाडणारी विषं आहेत. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या अल्फा-टॉक्सिन या विषाचे ७ रेणू जुळून पेशीच्या पडद्यात नळी तयार होते. कॉलऱ्याची तऱ्हा निराळी. पेशी शाबूत असते, तिचा नळ तेवढा उघडा अडकतो.

विषाचे ५ 'बी' भाग पेशीच्या पडद्यावरच्या जीएम१ नावाच्या रेणूला चिकटतात. 'ए' भाग आत शिरून एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमपर्यंत (पेशीतला प्रथिनं घडवणारा कारखाना) उलटा प्रवास करतो आणि बिघडलेली प्रथिनं बाहेर टाकायच्या वाटेने पेशीद्रवात निसटतो. (चोरवाटच म्हणा!) तिथे तो एनएडी या पेशीतल्या रेणूमधला एडीपी-रायबोज हा तुकडा काढून जीएस प्रथिनाच्या (पेशीतला संदेश चालू-बंद करणारं बटण) अर्जिनीन या अमिनो आम्लावर चिकटवतो. जीएसला आता त्याला चालू ठेवणारा जीटीपी हा रेणू तोडता येत नाही, म्हणजे बंदच होता येत नाही. सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत जातो, सीएफटीआर ही क्लोराइडची वाहिनी उघडी राहते, क्लोराइड बाहेर पडतं. मागोमाग सोडियम आणि पाणी.

भोकं पडली असती तर ओआरएसचा (जुलाबात पाजायचं मीठ-ग्लुकोजचं द्रावण) इतका उपयोग झाला नसता. एसजीएलटी१ हा आतड्याच्या पेशींवरचा वाहक या गोंधळात सुरळीत चालतो: १ ग्लुकोजबरोबर २ सोडियम आत, पाठोपाठ पाणी. म्हणून ओआरएसमध्ये १ लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. चवीसाठी वरून साखर घालू नका. द्रावण दाट झालं की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.