बंदूक बनवणाऱ्या कंपनीचं एकदा नाव गेलं की परत येतं का? (टॉरस, इन्सास वगैरे)

डुकरांनी_त्रस्त
मंडळी, आमच्याकडे आजोबांपासून पीक संरक्षणाचा परवाना आहे, घरात बारा बोअरची दुनळी आहे, त्यामुळे या विषयाचं थोडं वेड आहे पण फार कळतं असं नाही. टॉरस म्हणून ब्राझीलची कंपनी आहे, तिने जिंदालबरोबर हरियाणात हिसारला कारखाना टाकलाय. ते वाचून सहज नेटवर शोधायला गेलो तर डोकंच फिरलं. जुने लोक म्हणतात फुकट दिली तरी घेऊ नका, खाली पडली की बार उडतो, आणि नवीन पोरं म्हणतात एकदम मस्त आहे, पैसा वसूल. दोघं एकाच कंपनीबद्दल बोलतायत का हेच कळेना.

तर प्रश्न हा की या धंद्यात क्वालिटीचं नाव एकदा गेलं की परत मिळतं का? मोबाईलवाल्यांचं एक मॉडेल फसलं तर दोन वर्षांत लोक विसरतात, इथे जिवाशी खेळ आहे. खरंच सुधारलेली किंवा अजिबात न सुधारलेली अशी उदाहरणं असतील तर टाका. फक्त भांडू नका, मागच्या वेळी .३२ रिव्हॉल्व्हरच्या धाग्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

टेक्सासवाडी
दोघंही खरं बोलतायत, फक्त काळ वेगळा आहे.

टॉरस तशी जुनी कंपनी, १९३९ ची, पोर्तो अलेग्रेची. सत्तरच्या दशकात स्मिथ अँड वेसन या अमेरिकन बंदूक कंपनीचा मालक आणि टॉरसचा मोठा हिस्सेदार एकच होता, आणि १९८० ला टॉरसने इटलीच्या बेरेटाचा साओ पाउलोतला कारखाना मशीनरीसकट विकत घेतला, म्हणून ते पीटी ९२ पिस्तूल बेरेटासारखं दिसतं. म्हणजे कारागिरी येत नव्हती असं अजिबात नाही. गडबड झाली ती पुढच्या पॉलिमर (प्लास्टिकच्या सांगाड्याच्या) पिस्तुलांत, मिलेनियम मालिका आणि २४/७ या मॉडेलांत. २०१३ मध्ये आयोवातला एक डेप्युटी शेरीफ संशयिताच्या मागे धावत होता, होल्स्टरमधून पिस्तूल खाली पडलं आणि बार उडाला, नशीब की गोळी एका रिकाम्या गाडीला लागली. त्याने केस टाकली आणि ती वाढत वाढत नऊ मॉडेल आणि जवळजवळ दहा लाख पिस्तुलांची झाली. कंपनीने चूक कबूल न करता समझोता केला, पिस्तूल परत द्या, पैसे घ्या नाहीतर तपासून दुरुस्त करून घ्या असा.

आणि हे फक्त अमेरिकेत नाही, घरच्या मैदानावरही तेच. साओ पाउलोच्या पोलिसांनी २४/७ बद्दल इतक्या तक्रारी केल्या की २०१६ मध्ये तिथल्या सरकारने टॉरसला काही काळ पोलिसांच्या टेंडरमधूनच बाहेर काढलं, पुढे त्यांनी ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीची पिस्तुलं घेतली. ब्राझीलमध्ये देशात मिळणारी वस्तू बाहेरून आणायला फार अडवायचे, म्हणजे टॉरसला घरी स्पर्धाच नव्हती. आपल्याकडचं काही आठवतंय का?

मग बदललं काय? मालकी बदलली, सीबीसी ही ब्राझीलचीच काडतुसं बनवणारी कंपनी, तिने ताबा घेतला. २०१८ ला नवा मुख्य अधिकारी आला. २०१९ ला अमेरिकेतला कारखाना मायामीहून जॉर्जियात बेनब्रिजला नेला. त्याच वर्षी टीएक्स२२ काढलं, .२२ चं साधं पिस्तूल, आणि टॉरसला नावं ठेवणारे लोकसुद्धा ते घ्यायला लागले. माझ्या मते ही चाल हुशारीची होती. .२२ घेऊन लोक डबे पाडायला जातात, त्यावर कोणी जीव टांगत नाही, त्यामुळे एकदा बघू या म्हणून घेतात, आणि डब्याडब्याने गोळ्या झाडून ते चाललं की मग पुढच्या वेळी ९ एमएमचा विचार करतात. विश्वास असाच कमी रिस्कच्या जागी आधी येतो.

इथे अमेरिकेत दुकानाच्या काउंटरवर आजही ऐकाल, ‘टॉरस? हं…’ असं म्हणून माणूस दुसऱ्या काचेकडे वळतो. पण किंमत बघून परत येतो हेही तितकंच खरं.

बाब्या_बारामतीकर
सुधारायची गरज कोणाला असते? ज्याचं गिऱ्हाईक पळून जाऊ शकतं त्याला. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरची बंदूक आणायची सोय नाही, वर्षानुवर्षं दुकानात रिव्हॉल्व्हर मिळायची ती सरकारी कारखान्याचीच, किंमत ऐकून घाम फुटतो. रेप्युटेशन गेलं काय आणि राहिलं काय, गल्ल्यावर काय फरक पडणार होता. बोला आता.

खडकीकर
बाब्या, अर्धं बरोबर बोललास. मी आयुष्यभर तपासणीच्या बाजूला होतो, कुठे ते सोडा, म्हणून थोडं लिहितो.

इन्सासचं, म्हणजे आपल्या फौजेच्या देशी रायफलीचं उदाहरण घ्या. डिझाइन आमच्या पाषाणच्या एआरडीईचं (डीआरडीओची शस्त्रं डिझाइन करणारी संस्था), बनवायचे ईशापूर, त्रिची आणि कानपूरचे कारखाने. नव्वदच्या दशकात सैन्यात आली आणि १९९९ ला थेट कारगिलच्या थंडीत गेली. तिथे प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जायला लागले, तीन राउंडच्या बर्स्टवर (एकदा चाप ओढला की तीनच गोळ्या) ठेवली तर कधी कधी सलग सुटायची, तेल डोळ्यात उडतं अशाही तक्रारी होत्या. २००५ ला नेपाळमध्ये कालीकोटला पिलीच्या तळावर माओवाद्यांचा हल्ला झाला, चाळीसहून जास्त जवान गेले, तेव्हा इन्सासच वापरणाऱ्या त्यांच्या सेनेने उघड बोट दाखवलं की रायफली ऐनवेळी बंद पडल्या. आपल्याकडून उत्तर गेलं की वापर आणि निगा नीट नव्हती.

या उत्तरात सगळं आलं बघा. कदाचित निगा खरंच नीट नसेलही, पण मरणाऱ्याच्या घरी जाऊन तू साफ कशी करत होतास असं विचारलं की संपलं. नंतर सुधारणा झाल्या, मॅगझिन बदललं, एक्सकॅलिबर म्हणून सुधारित रायफलही झाली. पण तोवर जवानाच्या तोंडी ‘इन्सास अडकते’ हे बसलं होतं आणि सीआरपीएफ एके मागत होती. फौजेला मोकळीक मिळाली तशी २०१९ मध्ये सिग या कंपनीच्या ७२,४०० ‘७१६’ रायफलींची ऑर्डर गेली, आणि २०२१ च्या डिसेंबरात सहा लाखांवर एके-२०३ या रशियन रचनेच्या रायफलींचा करार झाला, त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतायत. म्हणजे बाब्या, फरक पडला. वीस वर्षांनी पडला पण पडला. त्याच २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स बोर्ड (सरकारी शस्त्र कारखाने चालवणारं मंडळ) मोडून सात कंपन्या केल्या. बंदुकांची कानपूरला गेली, दारूगोळ्याची आमच्या पुण्यात आली.

आता उलट उदाहरण. ब्रिटिश सैन्याची एसए८० रायफल. १९८५ ला आली, १९९१ च्या आखाती युद्धात वाळूत पार लाज गेली, चालता चालता मॅगझिनच गळून पडायचं कारण त्याचा खटका अंगाला घासून दाबला जायचा. त्यांनी ती फेकून दिली नाही. हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीकडे दिली, जवळपास दोन लाख रायफली उघडून आतलं सामान बदललं, ९ कोटी २० लाख पाउंड खर्च केले. बाहेरून तीच, आतून वेगळी. तरीही सुरुवातीला अफगाणिस्तानात कुरकुर चाललीच होती, पण पुढे ती बंद झाली आणि तीच रायफल अजून वापरात आहे.

यातला मुद्दा कोणी बोलत नाही. त्यांनी नवीन मॉडेल काढून जुनं विसरा असं नाही केलं, *जुना माल परत बोलावून* नीट केला.

जुनंतेसोनं
खडकीकर काकांनी नेमकं धरलं. मोबाईलशी तुलना इथेच फसते. मोबाईल चार वर्षांत भंगारात जातो आणि त्याबरोबर त्याची बदनामीपण जाते, बंदूक पन्नास-साठ वर्षं टिकते, बाप मुलाला देतो, मुलगा विकतो, दर वेळी तो खराब नमुना नव्या माणसाच्या हातात जातो आणि नवीन शिव्या खातो. कारखाना सुधारला तरी जुना माल बाजारात बोंबलत फिरतोच.

विंचेस्टर बघा. मॉडेल ७० म्हणजे अमेरिकेतली शिकारीची नावाजलेली रायफल. १९६४ ला खर्च वाचवायला म्हणून त्यांनी काडतूस पकडणारा मोठा एक्स्ट्रॅक्टर काढून टाकला, लाकडावरची हाताने कोरलेली नक्षी जाऊन ठसा मारलेली आली. लोक असे बिथरले की आजही ‘६४ च्या आधीची’ असं सांगून जास्त पैसे लावतात. नव्वदच्या दशकात त्यांनी तो एक्स्ट्रॅक्टर परत आणला, रायफल चांगली झाली, तरी २००६ ला न्यू हेवनचा कारखाना बंद पडला. आता बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या गटात बनते आणि चांगलीच बनते म्हणतात. ६४ नंतरचीसुद्धा काही फुटायची वगैरे नाही हां, हरणं तिनेही पडलीच. पण लोकांना दिसलं की कंपनीने आपल्याला मूर्ख समजलं. बिघाडापेक्षा त्याचा राग जास्त टिकतो असं माझं मत.

डुकरांनी_त्रस्त
वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे टॉरसने त्या केसमध्ये जुनी पिस्तुलं परत घेतली हे त्यांच्या बाजूने धरायचं का? पण ते तर कोर्टाने नाक दाबल्यावर. आणि ज्यांचं नाव चांगलं आहे त्यांचं काय, त्यांच्या चुका लोक पोटात घालतात का?

टेक्सासवाडी
काही काळ घालतात. सिगच्या पी३२० पिस्तुलाला २०१७ च्या जानेवारीत अमेरिकन सैन्याचं कंत्राट मिळालं आणि त्याच ऑगस्टात, विशिष्ट कोनात पडलं तर बार उडू शकतो हे बाहेर आल्यावर कंपनीने ‘ऐच्छिक अपग्रेड’ जाहीर केलं. रिकॉल हा शब्द टाळला! टॉरसने असं केलं असतं तर लोकांनी फाडून खाल्लं असतं. पण ते क्रेडिट संपतंच, त्या पिस्तुलावर न हात लावता सुटल्याच्या केसेस चालूच आहेत, कंपनी अजून नाही म्हणते. (आपल्या फौजेची ७१६ ही वेगळी रायफल आहे, उगाच घाबरू नका.)

आणि हो, नाक दाबल्यावर घेतली हे बरोबर. पण २०२३ ला जीएक्स४ या मॉडेलच्या काही पिस्तुलांत पडल्यावर बार उडण्याची शक्यता आहे अशी नोटीस टॉरसने काढली, सीरियल नंबर तपासा, पाठवा, आम्ही बघतो. एक गट म्हणाला बघा, हे सुधारणार नाहीत. दुसरा म्हणाला आता निदान सांगतात तरी. मी दुसऱ्या गटात.

बाब्या_बारामतीकर
मी पहिल्या. दहा वर्षांत तोच प्रॉब्लेम परत म्हणजे ड्रॉइंग बोर्डवरचा माणूस तोच आहे.

खडकीकर
बाब्या, पडल्यावर बार न उडणं हे वाटतं तितकं सोपं नाही, हलका चाप पाहिजे आणि सेफ्टीपण पाहिजे असं गिऱ्हाईकच मागतं.

त्रस्तभाऊ, तुमच्यासाठी कामाचं सांगतो. दुकानदार प्रूफचा शिक्का दाखवून सांगेल की सरकारी टेस्ट झालेली आहे. प्रूफ म्हणजे जास्त दाबाचं काडतूस झाडून बघतात, नळी आणि बोल्ट टिकतो का एवढंच. हातातून पडल्यावर काय होईल, पाचशे राउंडनंतर स्प्रिंग कशी राहील हे त्या शिक्क्यात नसतं. कुठल्याही नव्या कारखान्याचा माल असो, हिसारचा असो की कानपूरचा, पहिल्या लॉटच्या मागे धावू नका, क्लबात किंवा पोलिसांकडे तो भरपूर वापरला जाऊ दे. सुटे भाग कुठे मिळतात आणि दुरुस्तीला कोणत्या गावी पाठवावं लागतं ते पैसे देण्याआधी विचारा, कारण परवान्यावरचं हत्यार कुरिअरने पाठवता येत नाही.

डुकरांनी_त्रस्त
हे शेवटचं डोक्यात आलंच नव्हतं काका. उद्या दुकानदाराला आधी हेच विचारतो.