ब्लॉबचा लाल गोळा
पैसे नव्हते म्हणून ड्राइव्ह-इनच्या (गाडीत बसून उघड्यावर सिनेमा बघायच्या थिएटरांच्या) काळातल्या सिनेमांतले राक्षस पोरकट दिसतात, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९५८चा 'द ब्लॉब' हा अमेरिकन भयपट बघा. पेनसिल्व्हेनियात धार्मिक लघुपट काढणाऱ्या मंडळींनी तो केला. राक्षस म्हणजे लाल रंग घातलेलं सिलिकोन. ना डोळे, ना तोंड. सुरुवातीला म्हातारा उल्का काठीने टोचतो आणि काठीला चिकटलेला गोळा एकदम त्याच्या हातावर येतो. तिथे अजूनही माझा हात आपोआप मागे जातो! प्रोजेक्शन रूमच्या झरोक्यांतून तो ओघळतो, लोक किंचाळत बाहेर पळतात, ते थिएटर पेनसिल्व्हेनियातल्याच फिनिक्सव्हिल गावचं 'कलोनियल'. ते आजही चालू आहे, आणि तिथे या सिनेमाच्या नावाने भरणाऱ्या ब्लॉबफेस्ट महोत्सवात लोक हौसेने त्याच दारातून तसेच धावत सुटतात.