अ‍ॅब्लेशन झालं, धडधड थांबली. मग छातीत यंत्र कशाला?

बेताल: एएफसाठी (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात तो आजार) अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातल्या त्रासदायक जागा जाळणं किंवा गोठवणं) करून पाच महिने झाले. धडधड गेली, जिने चढतो. आता डॉक्टर म्हणतात, छातीच्या त्वचेखाली लूप रेकॉर्डर हे छोटं यंत्र बसवू, तीनेक वर्षं ठोक्यांची नोंद ठेवेल. मला पटत नाही. २४ तासांचं होल्टर (अंगावर यंत्र लावून ठोक्यांची नोंद) दोनदा स्वच्छ आलंय.

ठोकेमोजणी: 'बरं वाटतंय' यावर या आजारात विसंबू नका. २०१३ च्या डिसर्न एएफ अभ्यासात अ‍ॅब्लेशनच्या आधीपासून ते नंतर दीड वर्ष हेच यंत्र ठेवलं होतं. अ‍ॅब्लेशननंतर एएफच्या झटक्यांमध्ये न जाणवणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. होल्टर म्हणजे वर्षातले दोन दिवस पहारा. चोर उरलेल्या ३६३ दिवसांत येऊन जातो.

शंकेखोर: आला, पण नेलं काय? ३० सेकंदांची बेताल नोंद झाली तरी 'एएफ परतला' धरतात. २०१९ चा सर्का-डोस अभ्यास बघा. ३४६ जण, सगळ्यांना लूप रेकॉर्डर. वर्षभरात जवळपास निम्म्यांवर 'परतला'चा शिक्का, पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून जास्त घटलेला! या माणसांना नापास करून काय मिळवलं?

ठोकेमोजणी: अहो, ते ९८ टक्के कळले कशामुळे? त्याच यंत्रामुळे ना!

शंकेखोर: संशोधनाला हवंच. बेताल यांना कशाला?

रात्रपाळी: माझ्या वडिलांनी ईसीजीवालं घड्याळ घेतलं. रात्री दोनला उठून बोट लावून बसायचे. एएफपेक्षा घड्याळानेच झोप घालवली. (शेवटी आईने ते कपाटात टाकलं.) मुद्द्याचं एवढंच, की एएफमुळे होणारा पक्षाघात टाळायला दिलेली, रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची की नाही हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरतं, आलेख स्वच्छ आहे म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारा, यंत्रात काही सापडलं तर उपचार बदलणार का?

बेताल: वय ६८, बीपी आहे. आणि एक लिहायचं राहिलं. गोळी बंद करू का, असं मीच विचारलं होतं. रेकॉर्डरची गोष्ट त्यावरून निघाली.

ठोकेमोजणी: हे पहिल्या ओळीत हवं होतं! गोळी सोडायची असेल तर पहारा नको का?

शंकेखोर: ६८ आणि बीपी म्हणजे आलेख कसाही आला तरी गोळी बहुधा चालूच राहणार. मग पहारा कशावर?