2300 − 457 = 1843, मग विल्यम मिलरचं 1844 आलं कुठून?

प्रश्न
जय ख्रिस्त. अभ्यासवर्गासाठी मिलरच्या हिशेबाची टिपणं काढतोय (19व्या शतकातला अमेरिकन प्रचारक; ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वेळ त्याने बायबलवरून काढली). दानीएल 8:14 म्हणतं 2300 दिवसांनी पवित्रस्थान शुद्ध होईल; ते दिवस म्हणजे 2300 वर्षं, सुरुवात अर्तहशश्त राजाच्या हुकुमापासून (एज्रा 7), इ.स.पू. 457. उत्तर 1843 येतं. पण सगळीकडे 22 ऑक्टोबर 1844! वर्ष कुठे वाढलं, आणि तारीख इतकी नेमकी कशी?

प्रतिसाद 1
शून्य वर्ष नसतं. इ.स.पू. 1 संपलं की थेट इ.स. 1, म्हणून एक मिळवायचा: 2300 − 457 + 1 = 1844. ताळा दानीएल 9 वरून करा. 70 सप्तकं म्हणजे 490 वर्षं, 457 पासूनच मोजली की इ.स. 34. उरलेली 1810 त्यात घाला. दिवसाला वर्ष धरायला आधार गणना 14:34 आणि यहेज्केल 4:6. मिलरने स्वतः आधी मार्च 1843 ते मार्च 1844 एवढीच मुदत सांगितली होती.

प्रतिसाद 2
22 ऑक्टोबर ही तारीख मिलरचा अनुयायी सॅम्युअल स्नो याची. पवित्रस्थानाची शुद्धी म्हणजे लेवीय 16 मधला प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा. गोम इथे आहे: रब्बींच्या पंचांगाने 1844 मध्ये तो 23 सप्टेंबरला आला. स्नोने कराईत (रब्बींची परंपरा न मानणाऱ्या) यहूद्यांची रीत धरली. त्यात वर्षारंभ जवाच्या पिकावर ठरतो, म्हणून महिनाभर पुढे. टिपणात दोन्ही तारखा घाला, नाहीतर वर्गात कुणीतरी मोबाइलवर पंचांग काढेलच.

प्रतिसाद 3
बेरीज चोख, पण पाया कच्चा. मूळ हिब्रूत 'दिवस' नाहीच, 'संध्याकाळ-सकाळ' आहे. रोजची दोन होमार्पणं धरली तर 1150 दिवस होतात. आणि दानीएल 8:21 सरळ सांगतं की त्या दृष्टान्तातला बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. ग्रीक राजा चौथ्या अंतियोखाने इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळलं, 164 मध्ये यहूदा मक्काबीने ते शुद्ध करून घेतलं. बहुतेक अभ्यासक हाच संदर्भ लावतात. शिवाय मत्तय 24:36 आहेच: तो दिवस कुणालाच ठाऊक नाही.

प्रश्नकर्ता
आभार. मग मिलरच्या चळवळीतून निघालेले सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक 1844 अजून का धरून आहेत?

प्रतिसाद 1
त्यांनी तारीख ठेवली, घटना बदलली. शुद्ध व्हायचं ते पवित्रस्थान, मिलरला वाटलं तशी पृथ्वी नव्हे, स्वर्गातलं (इब्री 8 आणि 9); त्या दिवशी ख्रिस्ताने तिथल्या परमपवित्रस्थानात सेवा सुरू केली, असं ते मानतात. पुनरागमनाची तारीख ते आता देत नाहीत. त्यामुळे 'तो आला कुठे?' हा प्रश्न त्यांना लागत नाही. विचारायचंच तर दिवसाला वर्ष का, हे विचारा.