मदत हवी आहे: गाडीची काच फोडून चोरी झाली, सुरक्षा फिल्म लावावी की लॅमिनेटेड काच बसवावी?

नमस्कार. आम्ही फ्रीमाँटला राहतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना घेऊन गेल्या शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सजवळ भर दुपारी गाडी लावली आणि पाऊण तासाने परतलो, तेव्हा मागच्या दरवाजापलीकडची लहान त्रिकोणी काच जागेवर नव्हती. चौकटीत काठाला चिकटलेले चार-दोन तुकडे आणि आसनावर खडीसाखरेच्या बारीक खड्यांसारखा चुरा, एवढेच तिचे उरले होते. मागच्या आसनाची पाठ पुढे पाडून डिकीतली बाबांची पिशवी नेली होती. सुदैवाने पासपोर्ट घरी होते. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या, एक स्वेटर आणि वाचायचा चष्मा होता. "एवढ्यावर निभावलं," असे म्हणून आईने विषय संपवला, पण माझा तो संपलेला नाही.

पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक मिळाला. काच फुटणे आमच्या विम्याच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (टक्करीव्यतिरिक्तच्या नुकसानीच्या) भागात बसते, परंतु आम्ही स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलर आहे आणि दुकानदाराने नव्या काचेचा खर्च ४३० डॉलर सांगितला आहे, त्यामुळे दावा करण्यात अर्थ नाही. पैसे भरायचेच आहेत तर पुढच्या वेळचा विचार करूनच भरावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

मला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, याच गाडीच्या पुढच्या काचेला गेल्या हिवाळ्यात महामार्गावर एका ट्रकने उडवलेला दगड लागला होता आणि वीतभर लांबीचा तो तडा घेऊन ती काच आजही उभी आहे. मग वीतभर रुंदीची मागची काच एका फटक्यात पार चुरा कशी झाली? शेजारच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांना मोठा आवाजसुद्धा ऐकू आला नाही. "टप् असं काहीतरी झालं," एवढेच ते म्हणाले. एका दुकानाने सर्व काचांना जाड पारदर्शक फिल्म लावण्याचा सल्ला दिला आहे, तर एक सहकारी बाजूच्याही काचा लॅमिनेटेड करून घ्या म्हणतो. यापैकी कशाचा खरोखर उपयोग होतो? शिवाय दोन वर्षांच्या मुलीचे कार सीट नेमके त्याच काचेखाली होते. ते झाडूनपुसून पुन्हा वापरावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या गाडीत दोन वेगळ्या जातींच्या काचा आहेत आणि दोन्ही आपापल्या स्वभावानुसारच वागल्या आहेत. बाजूची काच बहुधा टेम्पर्ड असते. लोहार कोयत्याला पाणी देतो तसेच हे काम, फक्त पाण्याऐवजी हवेचे झोत: काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी एकदम थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. गाभा मागाहून थंड होऊन आकसू पाहतो आणि पृष्ठभागाला आत खेचतो. त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग कायमचे दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. काच दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही, आणि तिची फूट नेहमी पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यातून सुरू होते. तो ओरखडाच दाबून धरलेला असल्याने ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट भार घेते.

मात्र हा दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे पाचव्या भागाइतकाच, म्हणजे चार मिलिमीटरच्या काचेत मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. त्याला भेदून तडा एकदा गाभ्यात पोहोचला की पुढे बाहेरच्या बळाची गरजच उरत नाही. आत कोंडलेली ऊर्जाच तड्याला सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पळवते आणि वाटेत त्याला पुन्हा पुन्हा फाटे फुटतात. आपली ती लहान काच सेकंदाच्या काही हजाराव्या भागाच्या आत संपली असणार. सतराव्या शतकात वितळलेली काच पाण्यात टाकून केलेल्या 'रुपर्टच्या थेंबां'चे लोकांना असेच नवल वाटे: डोक्यावर हातोडी मारली तरी थेंब दाद देत नाही, आणि शेपूट मोडताच सगळ्याचे पीठ होते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये त्याची मीमांसा केली होती.

आवाज न येण्याचे कारणही यातच आहे. महत्त्व जोराला नसून टोकाला आहे. तळहाताने कितीही ठोकले तरी जोर पसरतो. काचेपेक्षा कठीण वस्तूचे अणकुचीदार टोक तोच जोर एका बिंदूवर आणते. स्पार्क प्लगमधली ॲल्युमिनाची चिनीमाती काचेहून बरीच कठीण असते, म्हणून कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेच्या कलम ४६६ मध्ये घरफोडीच्या साधनांत तिच्या तुकड्यांचाही नावानिशी उल्लेख आहे.

पुढची काच लॅमिनेटेड आहे. साध्या काचेच्या दोन तक्त्यांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा सुमारे पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा असतो. तिथे कोंडलेली ऊर्जा नाही, म्हणून तडा रेंगाळत वाढतो आणि तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. तरीही तो वीतभर तडा तसाच ठेवू नये. अपघातात छताला आणि समोरच्या एअरबॅगला या काचेचा आधार असतो, त्यामुळे चोराने फोडलेल्या काचेआधी खरे तर तिच्याकडे पाहायला हवे होते.

फिल्मबद्दल माझे मत फारसे उत्साहाचे नाही. आठ मिलची, म्हणजे सुमारे ०.२ मिलिमीटरची फिल्म काच फुटू देते, फक्त चुरा एकत्र धरते. गाडीत ती चौकटीच्या आतपर्यंत पकडलेली नसते, त्यामुळे फुटलेली काच चादरीसारखी अख्खी आत ढकलता येते. चोराची काही सेकंदे जातात, एवढेच. तरीही लावणार असाल तर पुढच्या दारांच्या काचांसाठी कॅलिफोर्नियात फक्त रंगहीन फिल्म चालते, ८८ टक्के प्रकाश सोडणारी. मागच्या काचांवर अशी अट नाही.

लॅमिनेटेड काच चोराला याहून जास्त अडवते, परंतु ती आपल्या मॉडेलसाठी त्याच आकारात मिळते का, हा पहिला अडसर आहे. त्रिकोणी काचेत ती क्वचितच मिळते. दुसरा अडसर अधिक गंभीर आहे. ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये गाडीतून सुटका करून घेण्याची सहा साधने तपासली. त्यांपैकी चारांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकानेही फोडली नाही. जी काच चोराला आत येऊ देत नाही, ती गाडी पाण्यात गेल्यावर आपल्यालाही बाहेर पडू देत नाही. म्हणून काच बदलण्याआधी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचावा. कोणती काच कोणत्या जातीची, हे तिथे लिहिलेले असते.

प्रतिसाद २

वरील माहितीत शहराविषयी थोडी भर घालतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०१७ मध्ये अशा ३१,००० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या होत्या. अलीकडे त्या बऱ्याच घटल्या आहेत, पण पर्यटकांच्या ठिकाणी त्रिकोणी काच फोडणे हा नित्याचा प्रकार आहे, कारण तिथून हात घालून आसन पाडले की डिकी दिसते. पूर्वी गाडीचे दार कुलूपबंद होते, हे न्यायालयात सिद्ध करावे लागे आणि फुटलेली काच त्याला पुरेशी ठरत नसे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ही पळवाट बंद केली आहे. त्यामुळे काकांच्या गोळ्या किरकोळ समजून तक्रारीतून वगळल्या असतील, तर त्या अवश्य जोडा. सामानासाठी रेंटर्स (भाडेकरूच्या सामानाचा) विमा असल्यास तोही पाहा.

कार सीटबाबत मी कोणतीही तडजोड करणार नाही. खडे बोथट असले तरी त्यांच्याबरोबर सुईसारख्या बारीक कपच्या असतात आणि त्या पट्ट्याच्या विणीत व बकलच्या खाचेत बसतात. कार सीट धुण्याआधी त्याच्या निर्मात्याला विचारा. गाडीत हवेचा झोत मारू नका, कपच्या आणखी आत जातात. आधी व्हॅक्यूम आणि मग चिकटपट्टी वापरा. आणखी एक गोष्ट म्हणजे त्रिकोणी काच युरेथेन या चिकट द्रव्याने चिकटवलेली असते, तेव्हा दुकानदार सांगेल तितका वेळ गाडी हलवू नका आणि पहिल्या पावसात आत ओल येते का ते पाहा.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. आज सर्व छाप वाचले. पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड निघाल्या आणि मागच्या टेम्पर्ड. म्हणजे गेली चार वर्षे पुढच्या कप्प्यात जपलेली आपत्कालीन हातोडी चालकाच्या खिडकीवर निरुपयोगीच होती. ती आता मागच्या आसनाच्या खिशात ठेवली आहे आणि कोणत्या काचेवर मारायची, हे घरात सर्वांना दाखवले आहे. फिल्मचा बेत रद्द केला आणि त्या पैशांत पुढची काच बदलायला दिली. त्रिकोणी काच टेम्पर्डच बसवली. कार सीटच्या निर्मात्याने ते बदलावे असे कळवले, तेही मागवले.

एक अडचण मात्र उरली आहे. काल त्या बाजूचा सीटबेल्ट ओढला, तेव्हा आतून आणखी दोन खडे बाहेर पडले. पट्टा गुंडाळणारी यंत्रणा उघडून साफ करण्याचे काम काचवाला करतो की त्यासाठी अधिकृत सेवा केंद्रातच जावे लागते, हे कुणी करून घेतले असल्यास कृपया सांगावे.