घरभाडं आणि आयकर : पहिल्यांदा घरमालक होणाऱ्यांसाठी अनुभव

रस्त्याकाठी दोन गाळे, वरची खोली मास्तरांना भाड्यानं, अशी घरं आता गावोगाव झाली. शेतीचं उत्पन्न माफ म्हणून भाडंही माफ, हा समज काही जात नाही. भाड्याचं आयकर विवरणपत्र भरणाऱ्यांनी आपला अनुभव नेमका लिहावा, असं विचारलं होतं. आलेली उत्तरं खाली लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावानं दिली आहेत. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे धरा.

दर्यापूर
भाडं महिना 8,000 म्हणजे वर्षाचे 96,000. ग्रामपंचायतीची घरपट्टी 2,400 वजा केली की उरले 93,600. त्यावर 30 टक्के सरसकट सूट, 28,080. उत्पन्नात धरायचे 65,520. ही सूट गिलावा, रंग, टिनं बदलणं, सगळ्यापोटी आहे. खर्च शून्य असला तरी मिळते, लाखभर झाला तरी वाढत नाही, त्यामुळं सिमेंटची बिलं जोडू नका. घरपट्टी मालकानंच भरलेली हवी, आणि ज्या वर्षी भरली त्याच वर्षी वजा होते. तीन वर्षांची थकलेली यंदा भरली तर सगळी यंदाच धरा. भाडेकरूनं परस्पर भरली तर वजावट गेली.

हिंगणघाट
भाडं कशाचं, हे आधी ठरवा. शेत ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर कसायला) दिलं आणि त्यात कपाशी, तूर पिकते, तर तो ठोका शेतीचंच उत्पन्न. त्याच शेतात मोबाईल टॉवरला जागा दिली तर ते भाडं शेतीचं नाही. मोकळ्या जागेचं भाडं ‘इतर उत्पन्ना’त जातं आणि वरची 30 टक्के सूट त्याला लागू नाही. टिनशेड व्यापाऱ्याला सोयाबीन ठेवायला दिलं तर ते घरमालमत्तेचं उत्पन्न, तिथं सूट आहे. शेड आणि वेगळी मोकळी जागा एकाच रकमेत देऊ नका. करारात दोन आकडे वेगळे लिहा, नाहीतर पुढं वाटणी कशी केली हे सांगता येत नाही.

आर्णी
फॉर्मची चूक सर्वात जास्त होते. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 च्या वर असलं की आयटीआर-1 (विवरणपत्राचा सर्वात सोपा फॉर्म) चालत नाही, आयटीआर-2 घ्या. दुकान किंवा धंदाही असेल तर सहसा आयटीआर-3. शेती 5 लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, ओलीत की कोरडवाहू हेही भरावं लागतं, तेव्हा सातबारा जवळ ठेवूनच बसा. आणि एक : कर मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धती आहेत, त्यातल्या नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो म्हणून विवरणपत्रही माफ, असं नाही. उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की भरायचंच.

मूर्तिजापूर
घर वडिलांच्या नावावर आणि भाडं पोराच्या खात्यात. असं असलं तरी उत्पन्न वडिलांचंच धरलं जातं. पैसे कोणाच्या खात्यात गेले यापेक्षा मालक कोण, हे महत्त्वाचं. भावांची सामाईक मालकी असेल आणि हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकानं आपापल्या हिश्श्याचं दाखवावं.

ब्रह्मपुरी
बांधकामासाठी कर्ज असेल तर भाड्यातून फक्त व्याज वजा होतं, मुद्दल नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या, हप्त्याची बेरीज लिहू नका. व्याज भाड्यापेक्षा जास्त असलं तरी नव्या पद्धतीत हा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला 2 लाखांपर्यंत होतो. कर्ज मोठं असेल तर दोन्ही पद्धतींनी हिशेब काढूनच निवडा.

बँक किंवा कंपनी भाडेकरू असेल आणि भाडं महिन्याला 50,000 च्या वर असेल तर ते 10 टक्के कर कापून देतात. पॅन दिला नाही तर 20 टक्के. कापलेली रक्कम 26एएस मध्ये (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता) दिसल्याशिवाय विवरणपत्र भरू नका. आणि पूर्ण भाडं दाखवा, हातात आलेलं नाही. भरल्यावर 30 दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करा, तोवर ते भरलं असं धरलं जात नाही.